अर्जातली नणंद

१

पहिल्या वेळी व्हिसा नाकारला तेव्हा त्यांनी कारण छापील कागदावरच दिलं होतं. सहा चौकोन होते आणि चौथ्या चौकोनात खूण होती. अर्जदार मुदत संपल्यावर मायदेशी परतेल याबद्दल आमची खात्री पटलेली नाही.

मी तो कागद तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला, आणि कपाटातल्या सगळ्या चादरी खाली काढून नव्यानं घड्या घालायला बसले. डोकं फिरलं की मी हेच करते. एकतीस वर्षं मी एका मोठ्या रुग्णालयाच्या लिनन रूममध्ये, म्हणजे चादरींच्या खात्यात, आणि वॉर्डात अंथरुणं घालण्यात काढली आहेत, त्यातली शेवटची बारा तिथली प्रमुख म्हणून. वॉर्डातून उतरलेली चादर हातात घेतली की मला कळायचं, हिच्यावरचा पेशंट पाठीवर झोपतो की कुशीवर, आपला आपण वळतो की दोघींनी धरून वळवावा लागतो. सिस्टर लोक मुद्दाम माझी परीक्षा घ्यायच्या. एकदाही चुकले नाही. आणि अशा बाईला हे विचारतात, परत याल कशावरून. जसं काही मी यांच्या दारात फुकटचं जेवायला निघाले होते.

मला एकच मुलगी. लग्न होऊन तिकडं गेली त्याला चार वर्षं झाली. दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. हे तिसरं. सातवा महिना लागला तसं डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून उठायचं नाही, डाव्या कुशीवर पडून राहायचं, फक्त बाथरूमपुरतं उठायचं. जावयाची नोकरी पाळ्यांची. म्हणजे दिवसातले दहा तास माझी पोर परक्या देशात एका खोलीत एकटी पडून. एकदा फोनवर म्हणाली, “आई, पाण्याची बाटली रिकामी झाली की उठू की नको याचा विचार करण्यातच माझा अर्धा तास जातो.”

मी इथं आयुष्यभर लोकांची अंथरुणं घालून दिली आणि माझ्या लेकीचं अंथरूण घालायला मला परवानगी लागत होती.

२

व्हिसाच्या फायली करून देणाऱ्या फायलवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकान कसलं, एक झेरॉक्स मशीन, एक टेबल आणि भिंतीला लावलेल्या फायली. चहा गार होऊ नये म्हणून तो कप मशीनवरच ठेवायचा. माझा नकाराचा कागद त्यानं वरपासून खालपर्यंत वाचला आणि मान हलवली.

“मावशी, रागावू नका, पण त्यांचं बरोबर आहे. काका गेले. नोकरी संपली. एकुलती एक मुलगी तिकडं. तुम्हाला इथं धरून ठेवणारं काय आहे?”

“घर आहे. पेन्शन आहे.”

“घर काही माणसाला हाक मारत नाही.” त्यानं फॉर्म माझ्याकडं वळवला आणि अकराव्या रकान्यावर पेन टेकवलं. “इथं बघा. तुमच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती. हा रकाना मागच्या वेळी तुम्ही कोरा सोडलात. आजारी असेल तर उत्तम.”

“माझ्यावर कोणी अवलंबून नाही.”

“असतं हो, मावशी. जरा आठवा.”

पाकीट घरी विसरलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार सांगतो ना, दुसऱ्या खिशात बघा म्हणून, तसं म्हणाला तो. मला त्याचा राग आला आणि त्या रकान्याचा त्याहून आला. मी म्हटलं, लिहा. नणंद लिहा. आमच्या ह्यांना बहीण नव्हती, सख्खी नाही की चुलत नाही. सगळ्या बायकांना नणंद न मागता मिळते. मी बहुधा जगातली पहिली बाई, जिनं ती अर्ज करून घेतली.

त्यानं नाव विचारलं, ते मी दिलं. ते इथं सांगणार नाही. एकदा लिहून बघितलंय, पुरे झालं. वय विचारलं, एकाहत्तर म्हटलं. आजार विचारला.

“तीन वर्षं अंथरुणावर आहे,” मी म्हणाले. “उठता येत नाही. डाव्या कुशीवरच पडून असते.”

डोक्यात लेक होती म्हणून तोंडातून तेच निघालं. दुसरं काहीही म्हणाले असते तर चाललं असतं. ही एक गोष्ट मला अजून खाते.

फायलवाल्यानं डॉक्टरचा दाखला मिळवला, प्रतिज्ञापत्र केलं, त्यावर माझी सही घेतली. मी माझ्या नणंदेचा एकमेव आधार असून तिची सर्वस्वी जबाबदारी माझ्यावर आहे. चिडलेला माणूस पटकन सही करतो.

३

“आता खोलीचा एक फोटो लागेल,” तो म्हणाला. “पलंग, औषधं, असं. आणि मुलाखत होईपर्यंत मोडू नका काही. त्यांचा माणूस तपासायला येतो कधीकधी.”

लेकीची जुनी खोली होती. रस्त्याच्या बाजूला, तळमजल्याला, एक खिडकी. तिथं मी पलंग भिंतीपासून दोन हात पुढं ओढला, दोन्ही बाजूंनी काम करता यावं म्हणून. पांढरी चादर घातली, वॉर्डात घालतो तशी, कोपरे मुडपून गादीखाली घट्ट खोचलेली, वर नाणं टाकलं तर उडेल अशी. स्टुलावर रिकाम्या औषधाच्या बाटल्या, झाकण घातलेला पाण्याचा पेला, आणि ह्यांच्या ऑफिसच्या टेबलावर असायची ती घंटी. वरून तळव्यानं दाबली की टिंग करणारी. ह्यांच्या निवृत्तीच्या दिवशी शिपायानं आठवण म्हणून दिली होती.

फोटो काढला, पाठवला. “झकास,” असं फायलवाल्याचं उत्तर आलं. मी दार ओढून घेतलं आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढायला आत गेले. चादरीचा डोक्याकडचा कोपरा सैल झाला होता.

आता कोपरा आपोआप सैल होतो का, तर होतो. गादी जुनी असली, कापूस बसला, की होतो. मी पुन्हा खोचला. तिसऱ्या दिवशी पुन्हा सैल, आणि मधोमध सुरकुत्या. त्याही येतात, खिडकीतून वारा आला की. पण वाऱ्याच्या सुरकुत्या सगळीकडं सारख्या पसरतात. या एका बाजूला होत्या. खांद्याच्या जागी खोल, मग कंबरेशी कमी, पुन्हा कुल्ल्याशी खोल, आणि गुडघे दुमडल्यावर येते ती तिरपी ओढ. डाव्या कुशीवर बरेच दिवस पडून असलेलं, स्वतःहून न वळणारं माणूस. वॉर्डातून अशी चादर आली असती तर मी न विचारता सांगितलं असतं, हिला दोन तासांनी वळवत नाहीयेत, पाठ फुटेल.

मी चादर काढली, बादलीत टाकली, दुसरी घातली. एकतीस वर्षं जे बघितलं तेच डोळ्यांना दिसणार, असं स्वतःला सांगितलं. म्हातारपणी शिंप्याला झोपेत सुईदोरा दिसतो म्हणतात.

४

संशय अर्थातच कामाच्या बाईवर गेला. दहा वर्षं ती माझ्याकडं धुणीभांडी करते. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर माझी आजारी नणंद आत झोपलेली असते म्हणून सांग.

“तू दुपारी त्या पलंगावर पडतेस का गं?” मी विचारलं.

ती हातातलं पातेलं तसंच धरून बघत राहिली. “मी? त्या खोलीत? बाई, मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही.”

“का?”

“आजारी माणूस झोपलेलं असतं. उगाच कशाला झोपमोड.”

“अगं, ते लोकांना सांगायचं होतं. तुला नव्हे.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पातेलं घासायला लागली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, “पेल्यातलं पाणी तेवढं रोज बदलत जा, बाई. कालचं पाणी देऊ नये माणसाला.”

मला इतका संताप आला की मी तिला त्या दिवशी लवकर घरी पाठवलं. ती गेल्यावर खोलीत जाऊन पेला बघितला. अर्धा होता. उन्हाळ्यात पाणी आटतं. झाकण असलं तरी थोडं आटतं.

मी तो भरून ठेवला. दयेनं नव्हे. तपासायला कोणी आलं आणि पेला रिकामा दिसला तर फाइल नापास व्हायची, म्हणून.

५

मुलाखतीच्या आधी दहा दिवस, एका सकाळी मी पेन्शनच्या दाखल्यासाठी बँकेत गेले होते. घराला बाहेरून कुलूप. दोन तासांनी परत आले तर दाराच्या फटीत एक छापील चिठ्ठी. पडताळणीसाठी भेट दिली. खाली तारीख, वेळ, आणि पेनानं दोन शब्द: भेट झाली.

भेट झाली कोणाशी? कुलूप बघून गेला असणार, आता संपलं सगळं. मी तिथंच पायरीवर बसून फायलवाल्याला फोन लावला. तो आधीच हसत होता.

“मावशी, मानलं तुम्हाला. कोणाला झोपवलंत हो पलंगावर? तो पडताळणीवाला खूश होऊन गेला. म्हणाला, दार बंद होतं, पण खिडकीतून आजी बोलल्या. आवाज क्षीण, पण डोकं एकदम जागेवर.”

“काय बोलल्या?”

“त्यानं विचारलं, तुमच्या वहिनी परदेशी गेल्या तर परत येतील का. तर आजी म्हणाल्या, येईल की. न येऊन जाते कुठं. मी आहे ना इथं.” तो पुन्हा हसला. “असली माणसं मला लागतात, मावशी. शेजारीण आहे का?”

मी शेजारीण म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मग कुलूप उघडून सरळ त्या खोलीत गेले. पलंग मोकळा. चादरीवर तोच खड्डा, तीच डावी कूस, तोंड खिडकीकडं. खिडकीबाहेर रस्त्यावर एक भाजीवाली ओरडत होती, म्हणजे त्यानं रस्त्यावरचाच कोणाचा तरी आवाज ऐकला असेल. पडताळणीवाला कदाचित आलाच नसेल, झाडाखाली बसून त्यानं कागद भरला असेल, असेही लोक असतात. हे सगळं मी विचार करून ठेवलं, आणि तरी रिकाम्या पलंगासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

“कोण गं तू?” मी म्हणाले. “तुला बोलायला कोणी सांगितलं होतं? माझ्या येण्याजाण्याची हमी देणारी तू कोण?”

कोणी काही बोललं नाही. पण तुम्ही कोणाला झापत असलात आणि समोरचं माणूस ऐकून घेत असलं, की खोली जशी शांत होते, तशी ती झाली. मला माझीच लाज वाटली आणि मी बाहेर आले.

६

त्याच दिवशी मी पलंग मोडायचं ठरवलं. फायलवाल्यानं फोनवर अक्षरशः हात जोडले असणार.

“मावशी, आता नाही. आता ती व्यक्ती त्यांच्या नोंदीत आहे. उद्या पुन्हा कोणी आलं आणि खोली रिकामी सापडली तर खोटी माहिती दिली म्हणून कायमची बंदी. मग मुलगी विसरा.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी पलंग तसाच ठेवला.

मुलाखतीची तालीम तो दुकानातच घ्यायचा. तो झेरॉक्स मशीनच्या मागं उभा राहायचा, मी पुढं. मशीन हीच वकिलातीतली काच. “उत्तर लहान द्या. विचारलं तेवढंच. मुलीचा विषय निघाला तर डोळ्यांत पाणी आणू नका, त्यांना वाटतं ही आता हलत नाही. नणंदेचा विषय निघाला तर आणलंत तरी चालेल.”

“पोटच्या पोरीसाठी रडायचं नाही आणि नसलेल्या नणंदेसाठी रडायचं?”

“सहा आठवड्यांचा प्रश्न आहे, मावशी.”

घरी मी एकटीच पाठ करायची. स्वयंपाकघरात भाजी चिरताना मोठ्यानं प्रश्न म्हणायची आणि मोठ्यानं उत्तर द्यायची. तुम्ही गेल्यावर नणंदेकडं कोण बघणार? एक बाई ठेवली आहे, दिवसभराची. एका दुपारी हे उत्तर तिसऱ्यांदा म्हटलं आणि आतल्या खोलीतून घंटी वाजली. एकदाच. टिंग.

माझ्या हातून सुरी सुटली नाही की काही नाही. उलट मी उठले. ते बघा, ती सवय. एकतीस वर्षं वॉर्डात घंटी वाजली की उठायचं हे अंगात भिनलेलं. दारापर्यंत गेल्यावर मला कळलं की मी हात पुसत पुसत निघालेय, चेहरा पेशंटसमोर करतात तसा करून.

मी दार उघडलं नाही. भाजीकडं परत गेले.

७

वकिलातीत चार तास बसवलं. बाकावर माझ्यासारखेच सगळे, मांडीवर फाइल, चेहरे परीक्षेला आलेल्या पोरांसारखे. कोणाचा आजोबा होईल एवढ्या वयाचा एक गृहस्थ आपल्याच पत्नीची जन्मतारीख पुटपुटत होता. एवढी वयं झाली माणसांची, आणि यांना सिद्ध करून दाखवायचं की आम्ही आमच्याच घरी परत जाऊ.

काचेमागं एक तरुण मुलगी होती, माझ्या लेकीएवढीच. आपली भाषा पुस्तकातून शिकल्यासारखी नीट बोलत होती. माझ्याकडं तिनं एकदाच बघितलं, मग कागदांकडं.

“तुमची मुलगी तिथे आहे. तिला मूल होणार आहे.”

“हो.”

“मग तुम्ही तिथेच राहाल.”

“नाही. घरी नणंद आहे. अंथरुणाला खिळलेली.”

“तुम्ही गेल्यावर त्यांच्याकडे कोण बघणार?”

“एक बाई ठेवली आहे, दिवसभराची.”

तिनं एक पान उलटलं. “पण त्या तर लिहितात की त्यांना बाई नको आहे.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. “कोण लिहितात?”

“तुमच्या नणंद. त्यांचं पत्र जोडलं आहे ना तुम्ही.” तिनं एक कागद थोडा वर धरला. काचेतून मला त्याचा खालचा भागच दिसला. शाईच्या चार ओळी, उजवीकडं उतरत उतरत गेलेल्या. पडल्यापडल्या लिहिणाऱ्याची ओळ अशी उतरते. वॉर्डातल्या तक्रारींच्या चिठ्ठ्या मी हजारांनी बघितल्यात. आणि खाली सही, मी दिलेल्या नावाची.

ती सावकाश वाचायला लागली. “‘तिला जाऊ द्या. ती परत येईल. मला तिच्याशिवाय कोणी नाही, आणि तिलाही माझ्याशिवाय कोणी नाही.’” तिनं वर बघितलं. “हे खरं आहे का?”

मला ओरडावंसं वाटलं. मला मुलगी आहे, म्हणावंसं वाटलं, तिकडं पडलीय एकटी, आणि ही कोण मेली माझं कोणी नाही म्हणणारी. पण पत्र खोटं म्हटलं की फाइल खोटी, आणि फाइल खोटी म्हटली की लेक एकटी. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

“हो,” मी म्हणाले.

“कृपया माइकमध्ये बोला.”

मी पुढं वाकले. “खरं आहे. मला तिच्याशिवाय कोणी नाही.”

तिनं शिक्का मारला.

बाहेर येऊन फायलवाल्याला विचारलं, पत्र तुम्ही घातलंत का. तो म्हणाला, “कसलं पत्र? मला वाटलं, घातलं असेल तुम्हीच काहीतरी. झालं ना काम?”

८

निघायच्या सकाळी मी त्या खोलीतला पेला भरून ठेवला, चादर बदलली, दार ओढलं. काही बोलले नाही. कशाला बोलायचं? रिकामी खोली होती.

लेकीनं मला बघितलं आणि पडल्यापडल्या दोन्ही हात पसरले. तिचा चेहरा एवढासा झाला होता आणि पोट तेवढं मोठं. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी तिचं अंथरूण बघितलं आणि जावयाला बाहेर पाठवलं. बिचाऱ्यानं घातलं होतं त्याला जमेल तसं, खाली चुण्याच चुण्या. मी तिला वळवलं, पाठ पुसली, चादर ताणून घातली, दोन गुडघ्यांमध्ये उशी दिली. ती म्हणाली, “आई, आता मला काही होणार नाही.” आणि चार तास झोपली. किती महिन्यांनी झोपली होती, कोण जाणे. मी खुर्चीवर बसून तिच्याकडं बघत राहिले आणि मनात म्हटलं, खोटं तर खोटं, आणखी दहा खोटी लिहीन.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि खोलीतून आवाज आला. टिंग.

मी गेले. लेक नुकतीच जागी होत होती.

“मी नाही वाजवली. मी झोपलेले होते,” ती म्हणाली. “पण आणलीस ते बरं केलंस हं, आई. बाबांची ना ही? तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होती म्हणून ह्यानं इथं ठेवली.”

घंटी तिच्या उशाशी होती. मी ती आणली नव्हती. स्टुलावर ठेवून आले होते, औषधांच्या बाटल्यांशेजारी, असं मला अगदी स्पष्ट आठवतं. पण निघायच्या घाईत माणूस काय भरतो ते त्याला तरी कुठं कळतं? एका बाईनं बॅगेत टीव्हीचा रिमोट आणल्याचं मी विमानातच ऐकलं होतं.

“आणि दुपारची तू येऊन पाठीशी झोपतेस ना,” लेक म्हणाली, “त्यानं इतकं बरं वाटतं. फक्त हात फार गार असतात तुझे.”

मी त्या पलंगावर एकदाही आडवी झाले नव्हते.

“चल, बाथरूमला जाऊन ये,” मी म्हणाले. “तोवर चादर बदलते.” आवाज माझा नेहमीचाच होता. तिला धरून नेलं, स्टुलावर बसवलं, दार लोटलं. परत आले.

पलंग दोघांचा, रुंद. लेकीच्या जागी लेकीचा खड्डा. तिच्या पाठीमागं, एक हात अंतरावर, दुसरा. डाव्या कुशीवरचा. मला तो पाठ होता.

मी जुनी चादर ओढून काढली. नवी उलगडली, दोन्ही कोपरे धरून झटकली आणि सोडली. हवेनं फुगलेली चादर हळूहळू खाली बसते. ही बसली, पण पुरती बसली नाही. मागच्या बाजूला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, ती एक वीतभर वरच राहिली. मी बघत असताना त्या उंचवट्यातून हाताएवढा एक भाग चादरीखालून पुढं सरकला आणि माझ्या लेकीचं पोट येतं त्या जागेवर जाऊन थांबला. थोपटल्यासारखं थोडं हलला.

दुपार होती. खिडकीतून ऊन आलं होतं. बाथरूममध्ये नळ वाजत होता.

मला भीती वाटली, पण आधी राग आला, हे मी शपथेवर सांगते. आणि रागातही कळलं की हिला इथं कोणी आणलं. नाव मी दिलं होतं. डावी कूस मी दिली होती, माझ्या पोरीची होती ती. तिच्याशिवाय मला कोणी नाही हे माइकमध्ये मीच बोलले होते. मग जिथं मी, तिथं ती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“वन्सं,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी हा शब्द कोणाला हाक मारायला वापरला. “वन्सं, तो हात काढा. तिचं तुमच्याशी काही नातं नाही. तुमचं जे काय आहे ते माझ्याशी. उठा, आपण घरी जाऊ.”

चादर बसली.

९

सहाव्या दिवशी मी परत निघाले. सहा आठवड्यांची परवानगी होती, सहा दिवस राहिले.

लेकीला काय सांगणार होते? घरी काम आहे म्हणाले. ती आधी हसली, तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिच्या लक्षात आलं.

“काय आहे तिथं, आई? बाबा नाहीत. मी नाही. कोण आहे तिथं तुझं?”

वकिलातीतल्या पोरीलाही हेच तर जाणून घ्यायचं होतं. तिला उत्तर देता आलं होतं.

“तू मला या दिवसांत टाकून चाललीस,” लेक म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करायचं तिच्या मनात होतं, पण तिला वळता येत नव्हतं. ती तशीच माझ्याकडं तोंड करून डोळे मिटून पडून राहिली. जावयानं मला विमानतळावर सोडलं. मी घंटी पर्समध्ये घट्ट धरून ठेवली होती.

मी परत आल्यावर अकराव्या दिवशी ती बाळंत झाली. मुलगी. अडीच किलो, रंग लालबुंद, आवाज मोठा. दोघी सुखरूप. हे मला जावयाच्या निरोपावरून कळलं. लेक माझ्याशी बोलत नव्हती.

फायलवाल्याचा मात्र फोन आला. “मावशी, काय रेकॉर्ड झालंय तुमचं. मुदतीच्या पाच आठवडे आधी परत. असा अर्जदार मी वीस वर्षांत बघितला नाही. पुढच्या वेळी दहा वर्षांचा व्हिसा डोळे मिटून देतील.”

मी फोन ठेवला आणि चादरींच्या घड्या घालायला बसले.

आता रोजचं ठरलेलं आहे. सकाळी पाणी बदलायचं, चादर बदलायची, दर दोन तासांनी पलंगाशी उभं राहून दोन्ही हातांनी वळवल्यासारखं करायचं. पाठ फुटता कामा नये. कामाची बाई काही विचारत नाही, एक पेला जास्त घासते.

काल दीड महिन्यानं लेकीनं स्वतः फोन केला, चेहरा दिसणारा. नुसतं बाळ पुढं धरलं. माझ्या आईची हनुवटी आहे तिला. डोळे किलकिले करून ती माझ्याकडंच बघत होती असं मला वाटलं. “आजी बघ,” लेक हळूच म्हणाली, आणि तिचा राग गेलाय हे मला त्या दोन शब्दांत कळलं. मी बोलायला तोंड उघडलं.

आतून घंटी वाजली.

लेकीनंही ती ऐकली. तिनं बाळ छातीशी घेतलं. “आई, बाबांची घंटी ना ती? कोण आहे तिथं?”

मला आणखी पाच मिनिटं हवी होती. बाळानं जांभई दिली होती आणि ती अर्धीच झाली होती. पण मी घंटीला उशीर करत नाही. इथं कोणी उठलं नाही तर ती कुणाच्या पाठीशी जाऊन झोपेल ते मला माहीत आहे, आणि आता त्या पलंगावर दोघी आहेत.

“येते हं, वन्सं,” मी आतल्या बाजूला म्हणाले, आणि लेकीच्या तोंडावर फोन बंद केला.

तो नकाराचा कागद अजून माझ्या कपाटात आहे, चादरींच्या खाली. चौथ्या चौकोनातली ती खूण आता खोडून टाका म्हणावं.